बाराशे डॉलरचा फ्रंट रेस्ट घेऊ की दीडशेचा जुना?

पत्र थोडक्यात: लिहिणारे ४३ वर्षांचे, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातले, गेली अकरा वर्षं अमेरिकेत, सध्या ओहायोत. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मित्राबरोबर गावाबाहेरच्या रेंजवर सहज गेले आणि तिथलेच झाले. जड बॅरलची .२२ कॅलिबरची (लहान काडतुसाची) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, ५० यार्ड अंतर, टेबलावर रायफल टेकवून बसून मारायचं (याला बेंचरेस्ट म्हणतात), एका कागदावर २५ बुल, म्हणजे छोटी गोल लक्ष्यं, प्रत्येकावर एक गोळी, वेळ २० मिनिटं. सध्याचा फ्रंट रेस्ट, म्हणजे रायफलची पुढची बाजू टेकवायचा स्टँड, साठ डॉलरचा, हलका, दस्त्याखालची मागची बॅग त्याच्यासोबतच आलेली. ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचे झुबके) आडवे कमी आणि उभे जास्त पसरतात, मधेच एखादी गोळी भलतीकडे जाते, शेवटचे पाच-सहा बुल घाईत मारावे लागतात. क्लबात बहुतेकांकडे जॉयस्टिकवाले, एकाच दांड्याने नेम हलवायचे रेस्ट आहेत, तसा एक बाराशे डॉलरला मिळतोय. दुसरीकडे क्लबातले एक म्हातारे सभासद त्यांचा जुना बिडाचा रेस्ट दीडशेला द्यायला तयार आहेत. बायको म्हणते, "आधी रायफल, मग स्कोप, आता हे, कुठेतरी थांबशील का?" गावाकडचा भाऊ म्हणतो, "टेबलावर ठेवून काय, कुणीपण मारेल." प्रश्न असा: "ताई, एकदाच काय ते चांगलं घेऊन मोकळं व्हावं का? जॉयस्टिक घेतला तर ग्रुप किती लहान होतील?"

---

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण सगळं पत्र त्याच्यावरच उभं आहे. किती लहान होतील? कदाचित अजिबात नाही. नाराज होऊ नका, पुढे वाचा.

तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की तुमचा रेस्ट "रायफल नीट धरत नाही". इथेच थोडी गडबड आहे. फ्रंट रेस्टचं काम रायफल धरायचं नसतंच. आपल्याकडचं जातं आठवा. खालचा दगड जागचा हलत नाही आणि वरचा त्याच्यावर दरवेळी त्याच वाटेने फिरतो, म्हणून पीठ एकसारखं पडतं. बेंचरेस्टमध्ये रेस्ट हा खालचा दगड आणि रायफल वरचा. गोळी सुटली की रायफल मागे सरकणार, .२२ असली तरी सरकते, आणि तुम्ही ती पुढे आणली की तिने आधी होती त्याच जागी, त्याच कोनात येऊन बसायला हवं. धरून ठेवणारा रेस्ट नको, सरळ जाऊ देणारा आणि सरळ परत येऊ देणारा हवा. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या निम्म्या वस्तूंकडे बघावंसंही वाटत नाही.

आता यात किती बारीक फरकाचा खेळ आहे ते बघा. तुमच्या पुढच्या आणि मागच्या बॅगमध्ये साधारण २८ इंच अंतर असेल, म्हणजे ७१ सेंटिमीटर. मागची बाजू जागेवर राहिली आणि पुढची बाजू फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे प्रिंटरच्या एका कागदाच्या जाडीएवढी हलली, तर ५० यार्डांवर गोळी ६ मिलिमीटरहून जास्त सरकते. जवळपास पाव इंच! एका कागदाच्या जाडीने! आणि हेच गणित उलट्या बाजूनेही तितकंच खरं आहे, मागची बॅग कागदाएवढी दबली तरी तेवढाच फरक. पण रेंजवर सगळे पुढच्या यंत्राकडे टक लावून बसलेले असतात आणि मागे एक अर्धवट भरलेली पिशवी निवांत लोळत असते. तुम्ही दोन पानी पत्रात फ्रंट रेस्टबद्दल वीस-बावीस वाक्यं लिहिलीत, मागच्या बॅगबद्दल एक. मी मोजली.

आता तुमचे उभे पसरणारे ग्रुप. तुम्ही गृहीत धरलंय की दोष रेस्टचा. असेलही. पण उभा पसारा यायची निदान चार कारणं असतात आणि त्यातलं एकच नवा रेस्ट घेऊन सुटतं.

पहिला संशय गोळ्यांवर. .२२ ची मॅच गोळी सेकंदाला साधारण १०५० ते १०८० फूट वेगाने निघते. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात ३० फुटांचा फरक असला, आणि स्वस्त गोळ्यांत तो सहज असतो, तर ५० यार्डांवर हळू गोळी जवळजवळ पाव इंच खाली लागते. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने. त्याच्यापुढे बाराशेचा काय आणि बारा हजारांचा काय, कुठलाच रेस्ट काही करू शकत नाही. क्लबात कोणाकडे तरी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, असतोच, एक दिवस मागून घ्या, वीस गोळ्या मारा, प्रत्येकीचा वेग आणि ती कुठे लागली ते वहीत लिहा. खाली लागलेल्या गोळ्याच हळू निघाल्या असतील तर चोर सापडला. तसं नसेल, वेग सारखा आणि गोळ्या तरी वरखाली, तर मग रेस्ट, बॅग आणि तुमचा गाल यांच्याकडे वळा.

हो, गाल. दमलो की आपण डोकं दस्त्यावर टाकून देतो, मऊ बॅग खाली दबते, नळीचं तोंड वर जातं, पुढच्या वेळी गाल हलका ठेवला की खाली. तुमचे शेवटचे पाच-सहा बुल जास्त बिघडतात म्हणताय ना? घाई असेल, पण दमलेली मानही असेल. चाळिशीनंतर स्टुलाची उंची हा रेस्टइतकाच महत्त्वाचा विषय होतो, हे मी स्वतःच्या मानेवरून सांगते.

तर पैसे खर्च करायच्या आधी तीन गोष्टी करून बघा. गोळ्या लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. रेंजवरच करा, रायफल रिकामी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) काढून बाजूला ठेवलेला, आणि पुढे कोणी गेलेलं असेल तर रायफलला हातही लावायचा नाही. घरी खिडकीतून समोरच्या झाडावर नेम धरून तपासू नका हो, शेजारी पोलिसांना ९११ लावेल आणि तो चुकीचा नसेल.

एक, क्रॉसहेअर (स्कोपच्या दुर्बिणीतली फुली) एका ठिपक्यावर आणा आणि रायफल दोन बोटांनी इंचभर मागे घ्या, परत पुढे आणा. मागे येताना क्रॉसहेअर वरखाली गेला तर चालेल, दस्ता खालून तिरका असतो त्यामुळे तसं होतं, पण डावी-उजवीकडे गेला तर पुढची आणि मागची बॅग एका रेषेत नाहीत. परत आल्यावर ठिपक्यावरच यायला हवा. दहा वेळा करा. दोन, स्कोपमधून बघत रेस्टच्या वरच्या भागाला बोटाने हलकं ढकला आणि सोडा. क्रॉसहेअर परत आला तर बरं, नाही आला तर कुठलातरी स्क्रू ढिला आहे किंवा पाय सरकतोय किंवा मुळात टेबलच डुगडुगतंय (लाकडी टेबल असेल तर हे आधी बघा). तीन, गाल ठेवा, उचला, ठेवा, उचला. क्रॉसहेअर दरवेळी वेगळीकडे जाऊन बसत असेल तर मागची बॅग मऊ आहे.

माझा अंदाज सांगू? पहिली आणि तिसरी चाचणी नापास होईल. म्हणजे रोग मागे आहे आणि तुम्ही औषध पुढे लावायला निघालात.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतेय. मी या नादाला लागले तेव्हा नवऱ्याच्या वाढदिवसाचं निमित्त करून (नेमबाजी मी करते, वाढदिवस त्याचा, असो) एक महागडा रेस्ट घेतला होता. दिसायला घड्याळासारखा सुरेख. अख्खा उन्हाळा ग्रुप जिथल्या तिथे. मी बनवणाऱ्याला दोन तक्रारवजा ईमेल केल्या, स्कोप बदलला, बॅरल तीनदा साफ केली. शेवटी सप्टेंबरमध्ये एका निवृत्त सुताराने माझी मागची बॅग अंगठ्याने दाबली, अंगठा आत गेला, तो काही न बोलता त्याच्या जागी जाऊन बसला. त्या रात्री बॅग उसवली तर आत वाळू अर्धीच आणि वरून फोमचे तुकडे. दुसऱ्या दिवशी घट्ट भरली, सुताराच्या अंगठ्याला काय, बुटालाही दबली नसती. ग्रुप त्या आठवड्यात सुधारले. रेस्टची चूक नव्हती, बिचाऱ्याला उगाच शिव्या बसल्या.

बॅग भरायचं निघालंच आहे म्हणून सांगते. साधी वाळू चालते पण कोरडी आणि चाळलेली हवी, आणि हळूहळू ठोकत ठोकत भरायची, जशी बरणीत मिरची दाबून भरतो. झिरकॉन वाळू मिळाली तर उत्तम, ती साध्या वाळूच्या पावणेदोन पट जड असते, लहान बॅगही जागची हलत नाही. भरताना मास्क लावा, वाळूची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. तांदूळ भरू नका. हसू नका, एका मराठी गृहस्थांनी बासमती भरलेला मी बघितलाय, दोन महिन्यांत बॅगेला पोरकिडे. पुढची बॅग थोडी वेगळी, ती दगडासारखी कडक असली तरी वरचा भाग तुमच्या रायफलच्या पुढच्या लाकडाच्या आकाराला धरून हवा. सपाट रुंद लाकडाला सपाट बॅग, गोलसर लाकडाला तशी खोलगट. गोल बुडाची रायफल सपाट बॅगवर ठेवली की ती गोल तव्यावरच्या चमच्यासारखी डुलते, तिथे महागडा रेस्टही हात टेकतो. तुमच्या रायफलचं पुढचं लाकूड गोलसर असतं की सपाट ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण रेस्ट निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन. किमतीचा प्रश्न नंतर.

आता तुमचे दोन पर्याय खरंच तोलून बघू, कारण जॉयस्टिकला मी नुसती नावं ठेवतेय असं वाटायला नको. तो रेस्ट अचूकतेपेक्षा वेळ विकतो, आणि ती वस्तू खरीच मौल्यवान आहे. साध्या रेस्टवर वरखाली करायला एक चाक, डावी-उजवीकडे करायला दुसरा नॉब, म्हणजे एका बुलवरून दुसऱ्यावर जाताना दोन हालचाली. जॉयस्टिकमध्ये एकच दांडा, मनगट हललं की क्रॉसहेअर तिरका जाऊन नव्या बुलवर. फार्लीचे किंवा इंडोनेशियातल्या सेबॅस्टियन लाम्बांग यांचे 'सेब' नावाने ओळखले जाणारे रेस्ट हाताळून बघा, लोण्यासारखे चालतात. १०० आणि २०० यार्डांच्या सेंटरफायर (.२२ पेक्षा दमदार काडतुसांच्या) सामन्यांत पाच गोळ्यांना सात मिनिटं मिळतात, वाटतं भरपूर, पण तिथले लोक एका वाऱ्याची वाट बघत बसतात आणि तो आला की पाचही गोळ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सोडून मोकळे. त्यांना रेस्टवर खाटखूट करायला वेळ नसतो. तुमचं तर अजूनच वेगळं, २५ बुल २० मिनिटांत, म्हणजे बुलमागे ४८ सेकंद आणि त्यात साइटरच्या, म्हणजे नेम जुळवायच्या गोळ्या, वारा बघणं, सगळं आलं. एका कागदावर पाच बाय पाचची रांगोळी, प्रत्येक गोळीला नेम हलवायचाच. तुमच्या हलक्या रेस्टला नॉबच नाही, तुम्ही तो उचलून सरकवता असं लिहिलंय. उचलून! मग एक नंबरची चाचणी कशी पास होणार, दर बुलला तुम्ही जातं उचलून नवीन जागी मांडताय.

म्हणजे रेस्ट बदलायला हवा यात वाद नाही. प्रश्न एवढाच की आज बाराशेचा की दीडशेचा.

मी क्लबातल्या त्या आजोबांचा दीडशेचा घ्या म्हणेन, पण बघून घ्या. बीड म्हणजे जड, आणि रेस्टमध्ये जडपणा हाच अर्धा गुण. पाटा जड असतो म्हणून वाटण वाटताना तो आपल्या मागे मागे येत नाही, तसंच. बघायला जाल तेव्हा तुमची रायफल घेऊन जा. मधला खांब वर अर्ध्यापर्यंत चढवा आणि वरचा भाग दोन हातांनी पिळून बघा, खांब कुलूप लावल्यावरही खडखडत असेल तर दीडशे जास्त झाले. पायांना टोकदार खिळे आहेत का बघा, असावेत, रबराचे मऊ बूट नकोत, रबर दबतं आणि सावकाश परत येतं, तेवढ्यात तुमची गोळी गेलेली असते. काँक्रीटच्या बेंचवर टोकं थेट, लाकडाच्या बेंचवर टोकांखाली धातूच्या छोट्या चकत्या. तीन पायच हवेत, चार नकोत, तीन पायांची वस्तू कुठेही डुगडुगत नाही. आडवा नॉब आहे का हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या काही रेस्टना तो नसतो, मग तुमचा उचलाउचलीचा प्रश्न तसाच राहतो आणि तो रेस्ट तुम्ही फुकटही घेऊ नका. नॉब असेल तर एका दिशेने फिरवा आणि उलटा फिरवा, उलटं फिरवताना किती वेळ नुसताच फिरतो आणि वर काहीच हलत नाही ते बघा. थोडं असतंच, त्यावर उपाय म्हणजे नेहमी एकाच बाजूने बुलवर यायचं. आणि नॉबचा आवाका तुमच्या कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पुरतो का हे रेंजवरच कळेल, आजोबांना म्हणा एक कागद मारून बघतो, ते नाही म्हणणार नाहीत, तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त हौस असेल. गंज वरवरचा असेल तर दुर्लक्ष करा, आट्यांमध्ये असेल तर नको.

आणि पुढे एक फोर-एंड स्टॉप असतो, रायफल दरवेळी त्याला टेकेपर्यंत पुढे आणायची की बॅग लाकडाच्या त्याच जागी येते. तो नसेल तर आधी लाकडावर टेपची खूण करा.

उरलेल्या पैशांपैकी शंभरेक डॉलर चांगल्या चामडी मागच्या बॅगला. काही गोळ्यांना: एकाच नावाच्या गोळ्यांचे तीन-चार वेगवेगळे लॉट नंबर (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा) एकेक डबा आणून बघा, रायफलला काय आवडतं ते तिचं तीच सांगते, आणि सापडलेला लॉट मग एकदम जास्त घ्या. काही कंपन्या त्यांच्या टेस्ट रेंजवर तुमची रायफल शिकंज्यात बसवून लॉट तपासूनही देतात, तो एक दिवस बऱ्याच रेस्टपेक्षा जास्त शिकवतो. आणि वाऱ्यासाठी झेंडे. तुमच्या पत्रात वारा हा शब्दच नाही, आणि ओहायोत वारा नसतो असं काही माझ्या ऐकिवात नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० यार्डांवर जवळजवळ इंचभर ढकलतो, ५ मैलांचा अर्धा इंच. तुमची ती "मधेच भलतीकडे जाणारी एखादी गोळी" आठवा. सर्व्हेवाल्यांची रंगीत पट्टी मिळते, ती काठ्यांना बांधून तीन ठिकाणी लावा, दहा डॉलरमध्ये झालं. पट्टी पडलेली असताना मारलेली गोळी आणि ती फडफडताना मारलेली गोळी वेगळी लिहून ठेवा, महिनाभरात स्वतःच हसाल.

एक हंगाम असं मारा. मग परत वही उघडा. ग्रुप लहान झालेत, गोळ्यांचा लॉट सापडलाय, आणि आता फक्त वेळ कमी पडतोय, चांगला वारा आला तेव्हा तुम्ही नॉब फिरवत बसला होतात, असं दिसलं तर जॉयस्टिक घ्या, आनंदाने घ्या. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की आपण काय विकत घेतोय. आजोबांचा रेस्ट दीडशेलाच पुढच्या नवख्याला जाईल, बिडाला काय होतंय.

ज्यांची परिस्थिती वेगळी आहे त्या वाचकांसाठी मधेच एक गोष्ट. रेस्ट घ्यायच्या आधी तुम्ही कुठल्या नियमांखाली मारणार ते विचारा, कारण इथे लोक फार फसतात. .२२ च्या एआरए (अमेरिकन रिमफायर असोसिएशन) पद्धतीच्या सामन्यांत पुढचा-मागचा जोडलेला वन-पीस रेस्ट चालतो. १९५१ पासूनची एनबीआरएसए ही सेंटरफायरवाल्यांची जुनी संघटना, तिच्या व्हार्मिंट नावाच्या रायफल वर्गांत पुढचा आधार आणि मागची बॅग वेगवेगळी लागते, जोडलेली चालत नाही, लाकडाची रुंदीही ३ इंचांच्या वर नको. एफ-क्लास तर जमिनीवर पडून, तिथे ओपन गटात रेस्ट चालतो पण टीआर गटात रेस्ट नाही, रायफलला जोडलेला दोन पायांचा बायपॉड. वन-पीस घेऊन बसलात आणि क्लब बदलला तर ते धूड गॅरेजमध्ये. शिकारीच्या रायफलचा वर्षातून एकदा झिरो (नेम जुळलेला आहे ना) बघणाऱ्यांना यातलं काहीच नको, दोन घट्ट वाळूच्या पिशव्या पुरतात. आणि नवीन आलेल्या मुलांनी मला दर महिन्याला विचारलेलं: एच-वन-बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगायला संघीय कायद्याने मुळात मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असण्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते फोरमवर विचारून ठरवू नका, वकिलाला विचारा, नंतर व्हिसाचं काय होईल याची जोखीम घेण्याइतका कुठलाच छंद मोठा नाही.

आता पत्रात तुम्ही जे लिहिलं नाहीत पण मला ओळींच्या मधे दिसलं त्याबद्दल. "माझा रेस्ट काढला की सगळे बघतात" असं एक वाक्य आहे. क्लबात तुम्ही एकटेच देशी, तेही लिहिलंय. मला वाटतं बाराशेतले काही डॉलर ग्रुपसाठी आहेत आणि बाकीचे त्या नजरांसाठी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मीही तेच केलं होतं, वाढदिवसाच्या निमित्ताने. पण इतक्या वर्षांत बेंचरेस्टवाल्यांबद्दल मला जे कळलं ते असं की ही मंडळी सामानाकडे बघतात ती निव्वळ सामानाच्या प्रेमापोटी, माणूस मोजायला नाही. भारी रेस्टवाल्यापेक्षा जुना रेस्ट घेऊन चांगला कागद मारणाऱ्याभोवतीच ते जास्त जमतात. आणि ज्या आजोबांनी आपला रेस्ट दीडशेला देऊ केलाय, त्यांनी तो नवख्या माणसाला उगाच देऊ केला असेल असं वाटतं का तुम्हाला? त्यांच्याकडून घेतलात तर रेस्टसोबत माणूस येतो. तो दुकानात मिळत नाही.

भावाचं बोलणं मनावर घेऊ नका, पण त्याला उत्तर तर द्यायला हवं. कोल्हापूरकडच्या माणसाला नेमबाजी म्हटलं की आता कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळेच दिसणार, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ, गुडघ्यावर, पडून, उभं राहून. तो खेळ माणसाच्या शरीराचा आहे, श्वासाचा, तोल सांभाळण्याचा, तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा आणि तो उभं राहून मारायचा म्हणजे काय ते मी एनसीसीत थोडं चाखलंय, मी तेव्हाच हात टेकले. आपण टेबलावर बसतो ते शरीराचा थरथराट बाजूला काढायला, म्हणजे मग रायफल, गोळी आणि वारा यांच्यापैकी कोण खोटं बोलतंय ते दिसतं. आणि थरथराट गेल्यावर सबबही जाते, गोळी चुकली की हात हलला असं म्हणता येत नाही. भावाला पुढच्या उन्हाळ्यात इकडे बोलवा, रेंजवर घेऊन जा (पाहुण्याने काय करावं काय नाही याचे नियम आधी रेंजला आणि वर सांगितलेल्या वकिलाला विचारून), नुसतं शेजारी बसवून झेंडे वाचायला लावा, आधी सांग म्हणावं ही गोळी कुठे लागेल.

बायकोचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तुम्ही तो पत्रात जरा हसून घालवलात. "कुठेतरी थांबशील का" याचा अर्थ "हे सोड" असा नसतो बहुतेक वेळा, पुढची रांग किती मोठी आहे ते एकदा सांगून टाक, असा असतो. तर सांगा. दीडशेचा रेस्ट, शंभरची बॅग, गोळ्यांचे इतके, झेंड्यांचे दहा, आणि पुढच्या हंगामापर्यंत एक स्क्रूसुद्धा नाही, असं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि जमलं तर एक शनिवार तिलाही न्या, मारायला नको, स्टॉपवॉच तिच्या हातात द्या. प्रत्येक बुलला रेस्ट सरकवण्यात किती सेकंद गेले आणि वारा बघण्यात किती, एवढंच तिने लिहायचं. तुम्ही स्वतः मोजलंत तर रेस्टच्या बाजूने मोजाल, ती नाही मोजणार तशी.

तोपर्यंत एक काम आजच करा. रायफलच्या पुढच्या लाकडाखाली पट्टा अडकवायचा जो लोखंडी खिळा असतो ना, स्विव्हल स्टड, तो बॅगच्या पुढे असेल आणि रायफल मागे येताना बॅगला ठोकर देत असेल तर ग्रुप उभे पसरायला तेवढंही पुरतं. स्क्रूड्रायव्हरने निघतो. काढून डब्यात ठेवा, पट्टा तुम्ही वापरत नाहीच.